बंदुकीच्या पहाऱ्यातील प्रजासत्ताक

अंकारा येथील लष्करी प्रबोधिनीचा पदवीदान सोहळा ३० ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष रेजेप तय्यिप एर्दोगन यांच्या उपस्थितीत पार पडला. अधिकृत कार्यक्रम संपल्यावर नव्याने अधिकारी झालेले शेकडो तरुण पुन्हा मैदानावर एकत्र आले. त्यांनी तलवारी उपसल्या. तुकडीत पहिल्या आलेल्या तरुणीने शपथविधीतून वगळण्यात आलेली जुनी शपथ सर्वांकडून म्हणवून घेतली आणि 'आम्ही मुस्तफा केमालचे सैनिक' या घोषणेने मैदान दुमदुमून गेले. घोषणेत कोणाविषयी अपशब्द नव्हता. नाव होते ते प्रजासत्ताकाच्या संस्थापकाचे, ज्याचे छायाचित्र तुर्कस्तानातील सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर आजही लावलेले असते. तरीही जानेवारी २०२५ मध्ये पाच तरुण लेफ्टनंटांना शिस्तभंगाचा ठपका ठेवून सेवेतून काढून टाकण्यात आले.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी असे भाकीत कोणी केले असते, तर अंकाऱ्यात त्याला वेड्यात काढले गेले असते. सेनापतींच्या नुसत्या पत्रकाने जिथे पंतप्रधान राजीनामा देत, तिथे संस्थापकाच्या नावाची घोषणा दिली म्हणून सैनिकी अधिकाऱ्याची नोकरी जावी, हा उलटफेर कसा घडला? याचे नेहमीचे उत्तर असे, की इस्लामी विचारांचा पक्ष निवडून आला आणि त्याने एकेक करून सेनेचे पंख छाटले. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. तुर्की सेनेचा पराभव तिच्या विरोधकांनी जितका केला, तितकाच तिने स्वतःही केला. राष्ट्रीय मूल्यांच्या रक्षणाचा मक्ता एकदा बंदुकीकडे सोपवला, की ती मूल्ये समाजात रुजविण्याची जबाबदारी कोणी घेत नाही, आणि बंदूक दुसऱ्याच्या हाती गेली की मूल्येही निराधार होतात. गेल्या शंभर वर्षांचा तुर्की इतिहास हेच सांगतो. भारतातील राष्ट्रीय विचाराच्या मंडळींनी तो विशेष लक्षपूर्वक वाचायला हवा, कारण केमाल पाशांविषयी येथे पूर्वीपासून कौतुक आहे.

छावणीत जन्मलेले राज्य

हे कौतुक निराधार नाही. पहिल्या महायुद्धात उस्मानी साम्राज्य धुळीस मिळाले आणि १९२० च्या सेव्हर्सच्या तहाने खुद्द तुर्कभूमीचे लचके तोडण्याचे ठरले. त्या अवस्थेत मुस्तफा केमाल यांनी अनातोलियात सैन्य उभे केले, ग्रीक फौजांना समुद्रापर्यंत रेटले आणि २९ ऑक्टोबर १९२३ रोजी प्रजासत्ताक घोषित केले. पुढच्याच वर्षी, ३ मार्च १९२४ रोजी, अंकाऱ्याच्या राष्ट्रीय महासभेने खिलाफत रद्द केली आणि अखेरच्या खलिफाची देशाबाहेर रवानगी केली. ज्या खिलाफतीच्या रक्षणासाठी हिंदुस्थानात गांधीजींच्या पाठिंब्याने मोठे आंदोलन उभारले गेले होते, ती खिलाफत तुर्कांनाच नको होती! हिंदुस्थानातील खिलाफतवादी पुढाऱ्यांना हे कोडे अखेरपर्यंत उलगडले नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांसारख्या विज्ञाननिष्ठ विचारवंताने मात्र केमाल यांच्या सुधारणांचे मोकळ्या मनाने स्वागत केले.

सुधारणांचा वेग थक्क करणारा होता. १९२५ मध्ये फेझ टोपीवर बंदी आली. १९२६ मध्ये शरियतच्या जागी स्वित्झर्लंडच्या धर्तीवरचा नागरी कायदा आला. १९२८ मध्ये राज्यघटनेतून इस्लामचा राजधर्म म्हणून असलेला उल्लेख काढला गेला आणि त्याच वर्षी अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली. १९३४ मध्ये स्त्रियांना लोकसभेसाठी मतदानाचा हक्क मिळाला. तथापि हे सारे वरून खाली उतरत होते. देशात एकच पक्ष होता. १९३० मध्ये एक विरोधी पक्ष काढून पाहिला गेला, पण लोक त्याच्याभोवती गोळा होऊ लागताच काही महिन्यांतच तो गुंडाळण्यात आला. लिपी बदलल्यामुळे एका पिढीतच नातवाला आजोबांचे पत्र वाचता येईना. मशिदींचा कारभारही राज्यापासून वेगळा करण्यात आला नाही. १९२४ मध्ये 'दियानेत' हे सरकारी खाते स्थापून इमामांना पगारी नोकर करण्यात आले. धर्मावर राज्याचा ताबा ठेवणारे हे यंत्र आपल्या विरोधकांच्याही हाती जाऊ शकेल, असा विचार त्या वेळी कोणाच्या मनाला शिवला नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी. केमाल स्वतः सेनापती होते, परंतु सैनिकाने राजकारण करू नये असे त्यांचे ठाम मत होते. महासभेचे सदस्य असलेल्या सेनापतींनी एक तर गणवेश ठेवावा किंवा सदस्यत्व, हा पर्याय त्यांनी १९२४ मध्येच समोर ठेवला. ते स्वतः राष्ट्राध्यक्ष म्हणून साध्या वेषात वावरले. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि ज्यांनी सेनापतींना राजकारणातून बाहेर काढले, त्यांच्याच नावाची शपथ घेऊन सेनापती पुढे राजकारणात शिरले.

पालकाचा अधिकार

१९५० च्या खुल्या निवडणुकीत जनतेने केमाल यांच्या पक्षाला सत्तेवरून खाली खेचले. अदनान मेंदेरेस पंतप्रधान झाले आणि अठरा वर्षांच्या खंडानंतर मशिदींतून पुन्हा अरबीत अजान सुरू झाली. मेंदेरेस लोकप्रिय होते. पुढे मात्र ते विरोधकांवर आणि वृत्तपत्रांवर दडपशाही करू लागले. त्यांना पुढच्या निवडणुकीत घरी बसविण्याचा मार्ग मतदारांपुढे होता. सेनेने तेवढी वाट पाहिली नाही. २७ मे १९६० रोजी तिने सत्ता हाती घेतली आणि सप्टेंबर १९६१ मध्ये मेंदेरेस यांना त्यांच्या दोन मंत्र्यांसह फासावर लटकवले.

या फाशीने जुलमी राज्यकर्त्याला शिक्षा झाली असे सेनेला वाटले. अनातोलियातील शेतकऱ्याला मात्र आपण निवडलेला माणूस मारला गेला असे वाटले. १९९० मध्ये मेंदेरेस यांच्या अस्थी सरकारी इतमामाने इस्तंबूलला आणून पुन्हा दफन करण्यात आल्या, तेव्हा राज्यालाही ते मान्य करावे लागले. पुढे एर्दोगन यांनी प्रत्येक निवडणुकीत ही जखम आठवणीने उघडी केली.

उठावानंतर सेना बराकीत परतली, पण हात हलवत नव्हे. १९६१ च्या राज्यघटनेने राष्ट्रीय सुरक्षा परिषद निर्माण केली आणि मंत्रिमंडळाच्या शेजारी सेनापतींची खुर्ची कायमची मांडली. त्याच वर्षीच्या लष्करी सेवाविषयक कायद्याच्या ३५ व्या कलमाने प्रजासत्ताकाचे 'जतन आणि रक्षण' हे सेनेचे कर्तव्य ठरविले. पुढील प्रत्येक हस्तक्षेपाला या एका ओळीचा आधार दाखविला गेला. 'ओयाक' ही सैनिकांची निधिसंस्थाही तेव्हाच स्थापन झाली आणि बघता बघता ती मोटारींपासून सिमेंटपर्यंतच्या उद्योगांत भागीदार झाली. पालकत्व म्हणून सुरू झालेली गोष्ट अशा रीतीने वतन बनली. १२ मार्च १९७१ रोजी सेनापतींनी नुसते निवेदन धाडले आणि पंतप्रधान सुलेमान देमिरेल पायउतार झाले. रणगाडे बाहेर काढण्याचीही गरज उरली नव्हती.

पेरले ते उगवले

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डाव्या आणि उजव्या टोळ्यांच्या रक्तपाताने तुर्कस्तान हैराण झाला होता. त्यामुळे १२ सप्टेंबर १९८० रोजी जनरल केनान एव्हरेन यांनी सत्ता घेतली तेव्हा असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. रस्ते शांत झाले. त्या शांततेची किंमत हळूहळू समोर आली. सुमारे साडेसहा लाख माणसे पकडली गेली, पन्नास जणांना फाशी झाली, सर्व राजकीय पक्ष विसर्जित केले गेले.

तथापि एव्हरेन यांच्या राजवटीचा खरा परिणाम तुरुंगांत नव्हे, तर शाळांत दिसला. कम्युनिझमला उतारा म्हणून या केमालवादी सेनापतींनी तुर्की राष्ट्रवाद आणि इस्लाम यांची सांगड घातली. १९८२ च्या त्यांच्या राज्यघटनेने शाळांतून धर्मशिक्षण सक्तीचे केले. डाव्या संघटना आणि कामगार संघ मोडून निघाले, आणि झोपडपट्टीतल्या गरिबाजवळ जायला मशिदीच्या आसपासचे कार्यकर्ते तेवढे उरले. लहान पक्षांची कटकट नको म्हणून १९८३ च्या निवडणूक कायद्यात लोकसभेतील प्रवेशासाठी १० टक्के मतांची अट घालण्यात आली. याच अटीमुळे नोव्हेंबर २००२ मध्ये एर्दोगन यांच्या न्याय आणि विकास पक्षाला ३४ टक्के मतांवर ५५० पैकी ३६३ जागा मिळाल्या! ज्यांना रोखायचे होते, त्यांच्यासाठीच सेनापतींनी दरवाजा रुंद करून ठेवला होता.

मतपेटीचे उत्तर

मधल्या काळात सेनेने आणखी एक प्रयोग केला. १९९६ मध्ये नेज्मेत्तिन एर्बाकान हे इस्लामी पक्षाचे नेते पंतप्रधान झाले. फेब्रुवारी १९९७ च्या आरंभी अंकाऱ्याजवळच्या सिंजान गावातून रणगाड्यांचा ताफा नेण्यात आला, आणि २८ फेब्रुवारीच्या सुरक्षा परिषदेत सेनापतींनी एर्बाकान यांच्यापुढे मागण्यांची यादी ठेवली. जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला. जानेवारी १९९८ मध्ये त्यांच्या पक्षावर बंदी आली. विद्यापीठांच्या दारातून डोक्यावर रुमाल बांधलेल्या मुली परत पाठविल्या जाऊ लागल्या. इस्तंबूलचे महापौर एर्दोगन यांना एका सभेत काही काव्यपंक्ती म्हटल्याबद्दल शिक्षा झाली आणि १९९९ मध्ये ते चार महिने तुरुंगात राहिले.

तुरुंगातून बाहेर आलेले एर्दोगन अधिक सावध झाले होते. २००१ मध्ये नवा पक्ष काढताना त्यांनी एर्बाकान यांची भाषा टाकली आणि युरोपीय संघाच्या सदस्यत्वाची भाषा उचलली. ही चाल अचूक होती. तुर्कस्तानला युरोपात नेणे हे केमालवाद्यांचेच स्वप्न, आणि युरोपात जायचे तर सेनेने राजकारण सोडले पाहिजे ही युरोपची अट. सेनापती कात्रीत सापडले. २००३ च्या सुधारणांनी सुरक्षा परिषद केवळ सल्लागार झाली आणि २००४ मध्ये तिच्या महासचिवपदी प्रथमच बिगरलष्करी व्यक्ती आली.

२७ एप्रिल २००७ च्या रात्री सेनेने शेवटचा जुना डाव टाकून पाहिला. अब्दुल्ला गुल यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीविरुद्ध इशारा देणारे पत्रक सेनामुख्यालयाच्या संकेतस्थळावर झळकले. सरकारने या वेळी राजीनामा दिला नाही. त्याने सेनाप्रमुख पंतप्रधानांना उत्तरदायी असल्याची आठवण करून दिली आणि निवडणुका घेतल्या. जुलैमध्ये सत्ताधारी पक्षाची मते ३४ वरून ४६ टक्क्यांवर गेली, आणि ऑगस्टमध्ये गुल राष्ट्राध्यक्ष झाले. ज्याच्यावर सेना रुष्ट, त्याच्यावर मतदार प्रसन्न, हे समीकरण १९५० पासून अनेकदा सिद्ध झाले होते. सेनापतींना ते दिसले नाही.

खोटे पुरावे, खऱ्या बेड्या

एवढ्यावर हे प्रकरण थांबले असते, तर लोकशाहीचा विजय म्हणून त्याचे स्वागत करता आले असते. पण सूडचक्र उलट दिशेने फिरू लागले. २००७ पासून 'एर्गेनेकोन' आणि २०१० पासून 'बाल्योझ' या नावांनी कटाचे खटले उभे राहिले. शेकडो अधिकारी गजाआड गेले. जुलै २०११ मध्ये सेनाप्रमुखांसह तिन्ही दलांच्या प्रमुखांनी एकाच दिवशी पद सोडले. पुढच्याच आठवड्यात सर्वोच्च लष्करी परिषदेच्या बैठकीत टेबलाच्या अग्रस्थानी पंतप्रधान एर्दोगन एकटे बसले. तोवर तिथे सेनाप्रमुख त्यांच्या शेजारी बसत असत. माजी सेनाप्रमुख इल्कर बाशबू यांना २०१३ मध्ये जन्मठेप झाली.

या खटल्यांतील पुरावे मात्र विचित्र होते. २००३ साली तयार झाल्याचे सांगितलेल्या कटाच्या कागदपत्रांत २००७ साली बाजारात आलेल्या संगणकप्रणालीच्या खुणा आढळल्या. बचावपक्ष हे ओरडून सांगत होता. सेनेच्या दंडेलीला कंटाळलेल्या उदारमतवादी विचारवंतांपैकी अनेकांनी तिकडे कानाडोळा केला. पोलीस आणि न्यायखात्यात फेतुल्ला गुलेन या अमेरिकेत राहणाऱ्या धर्मोपदेशकाच्या अनुयायांचे जाळे पसरले होते, आणि खटल्यांमागे तेच होते. २०१३ च्या अखेरीस एर्दोगन आणि गुलेन यांचे फाटले, तेव्हा सरकारलाही अचानक पुराव्यांतील खोट दिसू लागली. २०१४ मध्ये कैदी सुटू लागले, मार्च २०१५ मध्ये बाल्योझचे आरोपी निर्दोष ठरले. परंतु कित्येकांची उमेदीची वर्षे कोठडीत संपली होती आणि त्यांच्या रिकाम्या जागांवर बढती मिळालेल्यांत गुलेन यांच्या जाळ्यातील अधिकारीही होते.

१५ जुलैची रात्र

१५ जुलै २०१६ च्या रात्री सेनेतील एका गटाने बंड केले. बॉस्फरसवरचे पूल अडविले गेले, विमानांतून लोकसभेच्या इमारतीवर बॉम्ब पडले. एर्दोगन यांनी भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून जनतेला रस्त्यावर येण्याचे आवाहन केले आणि माणसे रणगाड्यांपुढे उभी राहिली. सुमारे अडीचशे लोक प्राणास मुकले. सर्व प्रमुख विरोधी पक्षांनी बंडाचा तत्काळ निषेध केला, आणि याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. त्या रात्री मिनारांवरून लोकांना साद घालणाऱ्यांत 'दियानेत'चे पगारी इमाम होते. ९२ वर्षांपूर्वी केमाल यांनी धर्माला वेसण घालण्यासाठी उभारलेली यंत्रणा आता दुसऱ्याच्या हाकेला ओ देत होती. सरकारने बंडाचा ठपका गुलेन यांच्यावर ठेवला. गुलेन यांनी २०२४ मधील आपल्या मृत्यूपर्यंत तो नाकारला.

बंड फसले, पण लोकांनी वाचविलेली लोकशाही लोकांच्या हाती फारशी उरली नाही. दोन वर्षे आणीबाणी राहिली. एक लाखाहून अधिक सरकारी नोकर, त्यात हजारो न्यायाधीश आणि शिक्षक, बडतर्फ झाले. १८४५ पासून चालत आलेल्या कुलेली लष्करी विद्यालयासह सर्व सैनिकी शाळा बंद झाल्या. एप्रिल २०१७ च्या सार्वमतात ५१ टक्क्यांच्या निसटत्या कौलाने अध्यक्षीय पद्धत आली आणि पंतप्रधानपदच संपुष्टात आले. मार्च २०२५ मध्ये एर्दोगन यांचे सर्वांत प्रबळ प्रतिस्पर्धी, इस्तंबूलचे महापौर एक्रेम इमामोग्लू यांना अटक झाली.

सेना मुलकी सत्तेच्या अधीन असावी याचा अर्थ ती राज्यघटनेच्या, संसदेच्या आणि कायद्याच्या अधीन असावी असा होतो. तुर्कस्तानात ती एका व्यक्तीच्या अधीन झाली. आणि ही वेळ आली तेव्हा त्या व्यक्तीला आवर घालू शकेल अशी बळकट संस्था देशात नव्हती. कशी असणार? सहा दशके न्यायालय, विद्यापीठ, पक्ष, वृत्तपत्र यांतील प्रत्येकाने मनाशी हेच धरले होते, की अगदी गळ्याशी आले की सेना आहेच. ज्या घरात नेहमी पहारेकरीच दार लावतो, त्या घरातील माणसांना कडी कुठे आहे हेही ठाऊक नसते.

भारतीय वाचकासाठी

एर्दोगन यांच्या तुर्कस्तानचे भारताशी असलेले वैर आता लपलेले नाही. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात 'ऑपरेशन दोस्त'मधून भारताने मदतपथके आणि लष्करी रुग्णालय धाडले. मे २०२५ च्या 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी हाच देश उघडपणे पाकिस्तानच्या पाठीशी उभा राहिला आणि तुर्की बनावटीचे ड्रोन भारतावर सोडले गेले. पुण्याच्या फळबाजारातील व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे नाकारली, ती याच संतापातून. त्यामुळे केमालवादी सेनापतींचे राज्य असते तर बरे झाले असते, असे अनेकांना वाटते. इतिहास तसे म्हणत नाही. १९५५ च्या बगदाद करारात पाकिस्तानबरोबर बसलेला आणि १९६५ च्या युद्धात पाकिस्तानची बाजू घेणारा तुर्कस्तान केमालवाद्यांचाच होता. केमाल यांना आदर्श मानणाऱ्या आणि बालपणाची काही वर्षे अंकाऱ्यात घालविलेल्या परवेझ मुशर्रफ यांनी १९९९ मध्ये कारगिलही घडविले आणि सत्ताही बळकावली.

अधिक महत्त्वाचा मुद्दा घरातला आहे. एखादा घोटाळा उघडकीस आला, संसदेचे अधिवेशन गोंधळात वाहून गेले, की मध्यमवर्गीय दिवाणखान्यात कोणीतरी सहज म्हणतो, 'पाच-दहा वर्षे लष्कराच्या ताब्यात द्या, सगळे सरळ होतील.' या बोलण्यामागे सैनिकाविषयीचा आदर असतो, हे खरे. परंतु तुर्कस्तानात १९८० मध्ये हेच बोलणाऱ्या कुटुंबांची मुले-नातवंडे पुढे काय भोगत आली, ते समोर आहे. भारतीय सेनेविषयीचा जनतेचा अढळ विश्वास ती राजकारणापासून दूर राहिली म्हणूनच टिकला आहे. १९७५ च्या आणीबाणीत हजारो स्वयंसेवक तुरुंगात गेले. त्यांनी आणि इतर लोकशाहीवाद्यांनी सत्याग्रह केला, घरोघरी भूमिगत पत्रके पोहोचविली आणि मार्च १९७७ मध्ये मतपेटीतून हुकूमशाही घालविली. ते काम सेनेने एका रात्रीत केले असते, तर त्या रात्रीनंतर भारत हा भारत राहिला नसता.

केमाल यांच्या ध्येयात खोट नव्हती. ते ध्येय अनातोलियाच्या खेड्यातील माणसाच्या मनात उतरविण्याचे धीराचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे काम त्यांच्या वारसदारांनी केले नाही. ते काम त्यांच्या विरोधकांनी केले: वस्तीत जाऊन, आजाऱ्याची विचारपूस करून, मुलांसाठी वसतिगृहे चालवून. अखेर राज्य त्यांच्याकडे गेले. अंकाऱ्याच्या मैदानावर तलवारी उंचावणाऱ्या त्या तरुणांची निष्ठा खरी असेल. परंतु ज्या मूल्यांसाठी त्यांनी नोकरी पणाला लावली, ती मूल्ये वाचवायची असतील तर त्यांना गणवेश उतरवून आता त्याच वस्त्यांकडे जावे लागेल.